आधी घड्याळ बदला, मग पात्रं: वाळवंटी मोहिमेसाठी नियम कसे जुळवावेत

प्रश्न थोडक्यात असा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे आणि पात्रं घेऊन टेबलाभोवती खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, टेबलावरची पुस्तकं २०१४ ची, फक्त एका खेळाडूकडे २०२४ चं सुधारित पुस्तक. एक डीएम (गोष्ट आणि नियम सांभाळणारा डंजन मास्टर), पाच खेळाडू, सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून. मोहीम वाळवंट ओलांडण्याची; पाणी, शिधा, अंतर आणि थकवा यांचा कस लागावा ही डीएमची इच्छा. खेळाडूंची मागणी मात्र अशी: आराकोक्रा या उडणाऱ्या पक्षीमानव जमातीचा विझर्ड, एक रेंजर (रानातला वाटाड्या), गुडबेरी हे जादूची बोरं देणारं स्पेल (मंत्र) येणारी ड्रुइड, स्वतः कल्पिलेल्या साळिंदर जमातीचा बार्बेरियन आणि दांडपट्टा चालवणारा फायटर. शिवाय वीस बाजूंच्या फाशावर (डी२०) नैसर्गिक १, म्हणजे थेट १ चा आकडा, पडला की शस्त्र तुटावं असा एक नियम डीएमच्या मनात आहे. यातलं काय बंद करावं, काय बदलावं?

एकही गोष्ट बंद करू नका. बंदीची यादी करायला बसलात तर ती थांबत नाही. आज गुडबेरी, उद्या पाणी निर्माण करणारं स्पेल, पुढच्या महिन्यात विझर्डची टायनी हट (जादूची सुरक्षित झोपडी). आणि प्रत्येक बंदीगणिक एका खेळाडूला वाटतं की आपल्यालाच शिक्षा झाली. त्याऐवजी विश्रांतीचा एकच नियम बदला. निम्म्याहून जास्त अडचणी तिथेच सुटतात. उरलेल्यांसाठी किरकोळ शिलाई पुरते.

कोणता पर्याय खरोखर त्रासदायक आहे हे ओळखण्यासाठी कागदावर तुमच्या मोहिमेत पुन्हापुन्हा येणारे प्रश्न लिहा. तुमचे तीनच आहेत: पाणी पुरेल का, वाट सापडेल का, पुढच्या मुक्कामापर्यंत अंगात त्राण राहील का. आता पात्राची प्रत्येक क्षमता या प्रश्नांना कसं उत्तर देते ते पाहा. काही क्षमता फासा टाकायला लावतात आणि यशाची शक्यता वाढवतात. त्यांना हात लावू नका, त्या तर हव्याच आहेत. काही क्षमता साठ्यातून खर्च करायला लावतात. तिथे तो साठा किती लवकर भरतो एवढंच तपासा. आणि काही क्षमता प्रश्नच पुसून टाकतात: 'तुम्ही रस्ता चुकूच शकत नाही', 'तुम्हाला अन्न मिळतंच'. बदल फक्त या तिसऱ्या प्रकाराला हवा. राजदरबारातल्या कारस्थानांची मोहीम असती तर गुडबेरीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. क्षमतेची किंमत पुस्तकात नसते, मोहीम ती ठरवते.

पाण्याचा हिशेब

२०१४ च्या नियमांनुसार माणसाला दिवसाला १ पौंड अन्न आणि १ गॅलन पाणी लागतं. कडक उन्हात पाणी दुप्पट, म्हणजे २ गॅलन. तुमच्या पाच जणांना रोज १० गॅलन, साधारण ३८ लिटर. आणि पहिल्या लेव्हलचं पाणी निर्माण करणारं स्पेल एका वेळी किती देतं? बरोबर १० गॅलन. म्हणजे ड्रुइडचा सर्वांत स्वस्त एक स्लॉट (स्पेल टाकायची एक खेप) आणि अख्खं वाळवंट निकामी. गुडबेरी तसंच: एका स्लॉटमध्ये १० बोरं, एका बोरात एका माणसाचं दिवसभराचं पोषण, आणि २४ तासांनी बोरं निरुपयोगी. पाच जणांसाठी रोज एक स्लॉट.

तिसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडकडे ६ स्लॉट असतात (पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे २). रोज रात्री ८ तास झोपून ते सगळे परत मिळत असतील तर अन्नपाण्यासाठी रोज २ गेले तरी ४ शिल्लक. वाळवंटाचा कर तिला जाणवतही नाही. बिघाड स्पेलमध्ये नाही, तो साठा रोज भरतो यात आहे.

म्हणून घड्याळ बदला. डीएमच्या पुस्तकात एक कडक पर्याय दिलेला आहेच: शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती, थोड्याच क्षमता परत देणारी) ८ तासांची, लाँग रेस्ट (मोठी विश्रांती, स्लॉटसकट बहुतेक सगळं परत देणारी) ७ दिवसांची. प्रवासाच्या मोहिमेत ते ७ दिवस मला पटत नाहीत, कारण त्यात गोष्ट आठवडाभर एका जागी थिजून बसते. त्याऐवजी विश्रांती जागेशी बांधा. वाटेतल्या रात्रीच्या तळाला शॉर्ट रेस्ट धरा. लाँग रेस्ट फक्त मुक्कामाला मिळेल, आणि मुक्काम म्हणजे छप्पर, स्वच्छ पाणी, पहारा द्यावा लागणार नाही अशी जागा, तिथे दोन रात्री आणि मधला एक दिवस. गाव, सराई, मठ, पाणवठ्याकाठची वस्ती, जे तुमच्या नकाशात बसेल ते.

आता हिशेब पुन्हा करा. ड्रुइडचे ६ आणि रेंजरचे ३ मिळून ९ स्लॉट. दोन मुक्कामांमध्ये ५ दिवसांचा टप्पा ठेवलात तर नुसत्या स्पेलवर जगायला १० स्लॉट हवेत. एक कमी पडतो, आणि लढाईला शून्य उरतो. म्हणजे गुडबेरीही राहिली, पाण्याचं स्पेलही राहिलं, पण दोन्ही आता निर्णय झाले: आज पाणी निर्माण करायचं की रात्रीच्या हल्ल्यासाठी स्लॉट राखायचा? रोज २४ मैलांच्या साध्या चालीने ५ दिवसांत १२० मैल होतात, त्या बेताने मुक्काम नकाशावर मांडा. पाचव्या लेव्हलला ड्रुइडकडे ९ आणि रेंजरकडे ६ असे १५ स्लॉट होतात. तेव्हा टप्पा ८ दिवसांचा करा, गरज १६ ची. लेव्हल वाढली की टप्पा लांबवायचा, हा धागा शेवटपर्यंत सोडू नका. नाहीतर सातव्या लेव्हलला पुन्हा तीच तक्रार घेऊन बसाल.

पाण्याचं स्पेल उघड्या भांड्यात पाणी भरतं, हेही विसरू नका. १० गॅलन मावेल असं भांडं कोणाकडे आहे? पुस्तकातली चामडी मशक ४ पाइंट म्हणजे अर्ध्या गॅलनची, भरलेली असताना वजन ५ पौंड. दिवसाच्या पाण्याला २० मशका, १०० पौंड. पाच दिवसांचं पाणी वाहून न्यायचं तर ५०० पौंड. ताकद १० असलेल्या माणसाची एकूण वहनक्षमताच १५० पौंड, त्यामुळे उंट आलाच: ५० सोन्याची नाणी, ४८० पौंड ओझं. इथे एक खड्डा आहे. डीएमच्या पुस्तकातल्या तक्त्यानुसार लार्ज आकाराच्या प्राण्याला दिवसाला ४ गॅलन पाणी लागतं, उन्हात ते ८ होतं. म्हणजे एक उंट जवळपास अख्ख्या चमूइतकं पितो आणि स्वतःच्या पाठीवरचं पाणी स्वतःच संपवतो. हा तक्ता उंटाला लावू नका. उंट मुक्कामाला पोटभर पितो आणि पुढचा एक टप्पा त्यावर काढतो, असं सरळ ठरवून टाका.

गुडबेरी फक्त अन्न देते, तहान भागवत नाही, हेही पहिल्या दिवशीच जाहीर करा. मूळ मजकुरात 'पोषण' एवढाच शब्द आहे आणि त्यावरून टेबलावर वाद होतात. काही डीएम या स्पेलला लागणारी मिसलटो या वनस्पतीची डहाळी प्रत्येक वेळी खर्ची पडते असा नियम करतात. तो चालतो, पण घड्याळ बदललं असेल तर त्याची गरज नाही. एकाच क्षमतेला दोन लगाम लावले की ती मेली म्हणून समजा.

घड्याळ बदललं की काय काय हलतं

विश्रांतीचा नियम खांबासारखा असतो, त्यावर बरंच काही टेकलेलं आहे. तो हलवला की पुढच्या गोष्टी हाताने सरळ कराव्या लागतात, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या सेशनला कुरबुर सुरू होते.

पहिला विझर्ड. त्याची आर्केन रिकव्हरी २०१४ च्या शब्दांत 'दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्टनंतर' अशी आहे. रात्रीचा तळ शॉर्ट रेस्ट धरला की त्याला रोज सकाळी दोन लेव्हलचे स्लॉट परत मिळतात आणि ड्रुइड बघत राहते. ती 'दोन मुक्कामांमध्ये एकदा' करा. २०२४ च्या पुस्तकातही ती लाँग रेस्टलाच बांधलेली आहे. उलट मेज आर्मर (जादूचं चिलखत) ८ तासच टिकतं, त्यामुळे पाच दिवसांत पाच स्लॉट जातील. त्याला मुक्कामापर्यंत टिकू द्या. मोबदला म्हणून विझर्डने तो स्लॉट टप्प्याच्या सुरुवातीलाच खर्च करायचा. टायनी हट मात्र ८ तासांचीच राहू द्या. तिच्यात झोपून शॉर्ट रेस्ट मिळते, तेवढीच तिची मिळकत, आणि तिच्यात बिनधोक लाँग रेस्ट मिळते ही नेहमीची तक्रारही आपोआप संपते.

बार्बेरियनकडे तिसऱ्या लेव्हलला ३ रेज (लढाईत बळ देणारे संतापाचे झटके) असतात आणि २०१४ च्या नियमांत ते फक्त लाँग रेस्टला भरतात. पाच दिवसांत तीनदा रागावणारा बार्बेरियन म्हणजे उरलेला वेळ नुसता जाड माणूस. २०२४ मध्ये शॉर्ट रेस्टला एक रेज परत मिळतो, तो नियम उचला. फायटरला उलट लाभ होतो, कारण सेकंड विंड (स्वतःची जखम भरणं) आणि ॲक्शन सर्ज (एक जादा कृती) रोज रात्री भरतात. ते काढून घेऊ नका. प्रवासात फायटर हा भरवशाचा गडी असणं योग्यच आहे. नेहमीच्या खेळात दिवसाला एकच चकमक झाली की तो कायम मागे पडतो.

जादूच्या वस्तूंकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मॅजिक मिसाइलच्या कांडीत ७ चार्ज असतात आणि रोज पहाटे १डी६+१ (सहा बाजूंच्या एका फाशाचा आकडा अधिक १) परत येतात. स्लॉट पाच दिवसांनी भरत असताना रोज भरणारी कांडी म्हणजे चमूतला सहावा, सगळ्यांहून ताकदवान सदस्य. 'पहाटे' असं जिथे लिहिलंय तिथे 'मुक्कामाला' असं वाचायचं, एवढी एक ओळ पुरते.

हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरायला खर्चायचे फासे) मुक्कामाला नेहमीच्या नियमाने परत द्या. शिवाय पुरेसं पाणी आणि अन्न मिळालेल्या प्रत्येक रात्री एक हिट डाय परत द्या. त्यामुळे पाण्याचा प्रश्न थेट अंगाला भिडतो आणि खेळाडू मशका मोजायला लागतात.

चकमकी किती? २०१४ च्या पुस्तकाचा अंदाज दोन लाँग रेस्टमध्ये ६ ते ८ मध्यम-कठीण चकमकींचा आहे. मूळ घड्याळात तेवढ्या एका दिवसात कोंबाव्या लागतात आणि प्रवासात ते हास्यास्पद दिसतं. आता त्या पाच दिवसांत पसरतील. रोज एक-दोन, मध्ये एक रात्र शांत, असं चालेल. पण पहिल्या टप्प्यात ५ च्या वर जाऊ नका. खेळाडूंना नव्या घड्याळाने जपून खर्च करायची सवय लागायला वेळ लागतो.

थकव्याचा नियम जुना ठेवू नका

२०१४ चा थकवा या मोहिमेला घातक आहे. पहिल्याच पायरीला सगळ्या ॲबिलिटी चेकवर (क्षमतेच्या चाचण्यांवर) डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा. मग सर्व्हायव्हलचा (रानात तगण्याच्या कौशल्याचा) चेक हुकतो, वाट चुकते, एक दिवस जास्त लागतो, पाणी कमी पडतं, पुन्हा थकवा. खेळाडूंच्या हातात काही न उरता गाडी उतारावरून सुटते. त्यात पाणी निम्म्याहून कमी मिळालं तर एक पायरी, आणि आधीच थकवा असेल तर दोन. म्हणजे पाणी संपल्यावर पहिल्या दिवशी १, दुसऱ्या दिवशी ३, तिसऱ्या दिवशी ५ आणि चौथ्या दिवशी सहावी पायरी ओलांडून मृत्यू.

२०२४ चा नियम घ्या: प्रत्येक पायरीला डी२० च्या प्रत्येक चाचणीत उणे २ आणि वेगात ५ फूट घट, सहाव्या पायरीला मृत्यू. उणे २ म्हणजे यशाच्या शक्यतेत १० टक्क्यांची घट. ती जाणवते, पण पहिल्याच फटक्याला कंबर मोडत नाही. 'आधीच थकवा असेल तर दोन' हे कलम गाळा; दिवसाला एकच पायरी. पूर्ण पाणी, पूर्ण अन्न आणि सावलीतली रात्र मिळाली तर तळावरही एक पायरी उतरू द्या. ती मुक्कामाशी बांधलीत तर दोन पायऱ्या चढलेलं पात्र टप्पा संपेपर्यंत लंगडत राहील.

तुमच्या बार्बेरियनने बर्सर्कर हा सबक्लास (उपप्रकार) निवडला तर २०१४ ची फ्रेन्झी (रेजमधला जादा हल्ला) वापरू नका. तिच्या शेवटी थकव्याची एक पायरी चढते, म्हणजे या मोहिमेत ती कोणी वापरणारच नाही. २०२४ च्या फ्रेन्झीत थकवा नाही, जादा डी६ आहेत. तीच घ्या.

रेंजर

रेंजरची अडचण विचित्र आहे: जंगल-वाळवंटात वावरणारा क्लास, आणि वाळवंटात आल्यावर वाळवंटच नाहीसं करतो. २०१४ च्या नॅचरल एक्सप्लोररमध्ये आवडीचा भूप्रदेश वाळवंट निवडला की चमू जादूशिवाय वाट चुकू शकत नाही, अवघड जमीन प्रवासाला आडवी येत नाही, अन्न दुप्पट मिळतं. तीन प्रश्नांपैकी दीड प्रश्न पुसला, तोही एकही फासा न टाकता. ज्या खेळाडूने हौसेने रेंजर घेतला त्याच्याच वाट्याला टेबलावर गप्प बसणं येतं.

२०२० च्या पूरक पुस्तकात याला पर्याय म्हणून डेफ्ट एक्सप्लोरर आलं: एका स्किलमध्ये एक्सपर्टीज (प्रावीण्याचा बोनस दुप्पट) आणि दोन भाषा. ते द्या आणि एक्सपर्टीज सर्व्हायव्हलमध्ये घ्यायला सुचवा. आता तो फासा टाकतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. तिसऱ्या लेव्हलला विज्डम (समज) +३ आणि प्रोफिशियन्सी (प्रावीण्याचा बोनस) दुप्पट +४, एकूण +७. शिधा-पाणी शोधण्याची डीसी (फाशाने गाठायचा आकडा) बऱ्यापैकी जमिनीत १०, तुटपुंज्यात १५, उजाड वाळवंटात २०. डीसी १५ ला ६५ टक्के, २० ला ४० टक्के. यश आलं की १डी६ + विज्डम, म्हणजे सरासरी साडेसहा गॅलन. उजाड वाळवंटात दिवसाची सरासरी मिळकत मग २.६ गॅलन, गरज १० ची. रेंजर एकटा चमू जगवत नाही, पण त्याच्यामुळे दर चार दिवसांत एक दिवसाचं पाणी वाचतं. मला हा तोल फार आवडतो. त्याच्या मेहनतीला किंमत आहे आणि प्रश्नही जिवंत आहे.

कोणी आउटलँडर पार्श्वभूमी (पात्राचा पूर्वेतिहास) घेतली तर मजकुरातली अट नीट वाचून दाखवा: स्वतःसाठी आणि आणखी पाच जणांसाठी अन्नपाणी मिळतं, पण त्या जमिनीत ते असेल तरच. उजाड वाळूत नाही, पाणवठ्याच्या पट्ट्यात हो. वेगळा नियम करायची गरजच नाही.

पंख

आराकोक्राचा उडण्याचा वेग २०१५ च्या मूळ रूपात ५० फूट होता. २०२२ च्या सुधारित रूपात तो चालण्याच्या वेगाइतका, म्हणजे ३० फूट आहे. नवं रूप घ्या. तरी मुद्दा वेगाचा नाही, कधीही आणि कितीही वेळ उडता येण्याचा आहे. खेळाचं स्वतःचं मोजमाप पाहा: फ्लाय हे स्पेल तिसऱ्या लेव्हलचं, म्हणजे पात्राच्या पाचव्या लेव्हलला येतं, आणि कॉन्सन्ट्रेशनवर (एकाग्रता मोडेपर्यंत) १० मिनिटं टिकतं. २०२४ च्या पुस्तकात आसिमार या जमातीला तिसऱ्या लेव्हलला १ मिनिट पंख फुटू शकतात, ड्रॅगनबॉर्नला पाचव्या लेव्हलला १० मिनिटं, दोन्ही एका लाँग रेस्टमध्ये एकदाच. तुमची शिडी या पायऱ्यांवरच उभी करा: चौथ्या लेव्हलपर्यंत एका वेळी १ मिनिट, पाचव्यापासून १० मिनिटं, नवव्यापासून मोकळं आकाश. फक्त ते लाँग रेस्टला न बांधता रोजच्या तळाला बांधा, नाहीतर पाच दिवसांत एकदाच उडणारा पक्षी होईल आणि त्या खेळाडूचा हिरमोड होईल.

एका मिनिटात १० फेऱ्या. ५ फेऱ्यांत १५० फूट वर, ५ फेऱ्यांत खाली. पृथ्वीसारख्या जगात उभ्या माणसाला क्षितिज सुमारे ३ मैलांवर दिसतं. १५० फुटांवरून ते १५ मैलांवर जातं. म्हणजे रोज एकदा १५ मैलांची नजर. त्याबद्दल वाट काढण्याच्या सर्व्हायव्हल चेकला ॲडव्हांटेज (दोन फासे, जास्त पडलेला धरायचा) द्या, आपोआप यश देऊ नका. उन्हाच्या झळांत पाणवठा आणि मृगजळ यांतला फरक उंचावरूनही कळतोच असं नाही. आणि सकाळी टेहळणीला पंख वापरले तर दुपारच्या लढाईत ते नाहीत. पुन्हा निर्णय.

मोबदला द्यायला विसरू नका, कारण आराकोक्राची जवळपास सगळी किंमत पंखांतच आहे. पडताना पंख पसरून इजा टाळणं आणि दर १० फूट उतरताना २० फूट पुढे तरंगणं कायम मोफत ठेवा, वर पर्सेप्शनमध्ये (चाहूल टिपण्याच्या कौशल्यात) प्रोफिशियन्सी द्या. हे सगळं पात्र बनवण्याआधी सांगायचं. दुसऱ्या सेशनला पंख छाटलेत तर नियम कितीही न्याय्य असो, विश्वास गेला.

साळिंदर लोक

नवी जमात शून्यातून लिहू नका. छापलेल्या जमातीचा सांगाडा घ्या आणि त्यावर कातडी चढवा. साळिंदरासाठी २०२४ चा गोलायथ (राक्षसवंशी धिप्पाड जमात) चपखल बसतो. त्याच्या एका वंशगुणात, दुखापत करणाऱ्याला रिॲक्शनने (दुसऱ्याच्या कृतीला तत्काळ उत्तर म्हणून) १डी८ थंडर डॅमेज परत देता येतो, ६० फुटांच्या आत, प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा. काट्यांसाठी हेच हवं: डॅमेज पिअर्सिंग (टोचण्याचा), अंतर ५ फूट. अंतराचा तोटा झाला म्हणून 'कोणी नुसतं पकडायला आलं तरी काटे वापरता येतात' हे जोडा.

खेळाडू बहुधा म्हणेल, काटे तर कायमच टोचणार, दर वेळी ३ डॅमेज का नाही? कारण असा कायमचा परतफेडीचा डॅमेज, नेमका ३ चा, एका बार्बेरियन सबक्लासला १४ व्या लेव्हलला मिळतो, तोही रेजमध्ये असताना आणि काटेरी चिलखत घातल्यावर. तिसऱ्या लेव्हलला ते फुकट देता येत नाही. 'हेच दुसऱ्या कोणाला कितव्या लेव्हलला मिळतं' हा प्रश्न होमब्रू (घरगुती नियम) तपासण्याची सगळ्यात खात्रीची कसोटी आहे. त्यात आवडनिवड येत नाही आणि वादही लवकर मिटतो.

गोलायथचा पॉवरफुल बिल्ड पकड सोडवायला ॲडव्हांटेज देतो, तो काट्यांना शोभतो, ठेवा. पण त्याच गुणात वहनक्षमता एका आकाराने वाढते, म्हणजे दुप्पट. ताकद १६ ची २४० पौंड ४८० होते, अगदी उंटाइतकी! इतर मोहिमांत हा गुण कोणी वाचतही नाही, तुमच्या मोहिमेत तो सोन्याचा आहे. तो अर्धा भाग काढा आणि बदल्यात ६० फुटांची डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) द्या. साळिंदर निशाचरच आहे. पाचव्या लेव्हलचा मोठं होण्याचा गुण काटे फुलवणं म्हणून तसाच चालेल. वेग ३५ वरून ३० वर आणा.

दांडपट्टा

याचं उत्तर सोपं, पण मोह मोठा. पातं लांब म्हणून रीच (दूरचा वार), लवचीक म्हणून फिनेस (ताकदीऐवजी चपळाईने वार), आणि पट्टेकरी एकाच वेळी अनेकांना तोंड देतो म्हणून आणखी काही. थांबा आणि पुस्तकातल्या शस्त्रांच्या तक्त्यात रीचची किंमत पाहा. ग्रेटॲक्स डी१२, रीच असलेलं ग्लेव्ह डी१०: एक पायरी. रेपियर फिनेस डी८, फिनेस आणि रीच दोन्ही असलेला चाबूक डी४: दोन पायऱ्या. दांडपट्ट्याला रेपियरचे आकडे द्या, डॅमेज पिअर्सिंगऐवजी स्लॅशिंग (कापण्याचा), रीच नाही. मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी हातमोज्यात असते, म्हणून तो हातातून उडवता येत नाही. आणि त्याच कारणाने त्या हाताने दुसरं काहीही करता येत नाही: दोर धरणं नाही, मशक उघडणं नाही, काढायला एक ॲक्शन. २०२४ ची वेपन मास्टरी (शस्त्रागणिक खास डाव) वापरत असाल तर रेपियरची व्हेक्स (लागलेल्या वारानंतर पुढच्या वाराला ॲडव्हांटेज) ठेवा. अनेकांशी लढण्याची चव हवी असेल तर क्लीव्ह (शेजारच्या शत्रूवरही वार) द्या आणि फासा डी६ करा, कारण क्लीव्ह पुस्तकात फक्त हेवी शस्त्रांना आहे.

नैसर्गिक १ आणि तुटणारं शस्त्र

हा नियम नका आणू. पहिल्या लेव्हलचा फायटर फेरीत एकदा हल्ला करतो, १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या लेव्हलला दोन हल्ले, किमान एक १ पडण्याची शक्यता ९.७५ टक्के. अकराव्याला तीन, १४.३ टक्के. विसाव्याला चार, १८.५ टक्के. जितका निष्णात तितकी शस्त्रं जास्त मोडणार, आणि फायरबॉल टाकणारा विझर्ड डी२० ला हातच लावत नाही, त्याचं काहीच मोडत नाही. वाळूने सामान झिजावं असं वाटत असेल तर झीज हवामानाला बांधा: वाळूच्या वादळानंतर प्रत्येकाने एक उघडी वस्तू निवडून डीसी १० चा फासा टाकावा, हुकला तर मुक्कामाला दुरुस्त होईपर्यंत तिच्यावर उणे १. विझर्डचं स्पेलबुकही त्यात येतं.

दोन आवृत्त्यांची सरमिसळ

ॲबिलिटी स्कोअरमधली वाढ (ताकद, समज वगैरेंच्या आकड्यांतली) दोनदा मिळणार नाही याची काळजी घ्या. २०१४ मध्ये ती जमातीतून मिळते, २०२४ मध्ये पार्श्वभूमीतून. साळिंदर २०२४ च्या सांगाड्यावर आहे. त्याने पार्श्वभूमी २०१४ ची घेतली तर +२/+१ किंवा तीन +१ आणि एक ओरिजिन फीट (सुरुवातीचं खास कसब) वेगळे द्या. कोणी जुनी जमात आणि नवी पार्श्वभूमी घेतली तर जमातीचे वाढीव गुण सोडून द्यायचे. एकाच नावाचं स्पेल दोन पुस्तकांत असेल तर सगळ्यांसाठी नवंच. जखमा भरणारं क्युअर वून्ड्स जुन्यात १डी८ आणि नव्यात २डी८ आहे. शेजारीशेजारी बसलेल्या ड्रुइड आणि रेंजरने वेगवेगळे फासे टाकले तर कोणाचंच समाधान होत नाही. वेपन मास्टरी एका बार्बेरियनला द्यायची आणि फायटरला नाही, असंही नको.

हे सगळं एका पानावर लिहा, पानाच्या वर 'पहिल्या टप्प्यानंतर पाहू' अशी ओळ टाका, आणि तेव्हा खरंच पाहा. त्यात तीन आकडे तपासायचे: मुक्कामाला पोहोचताना कोणाकडे किती स्लॉट उरले, थकव्याची सर्वांत वरची पायरी कोणती होती, पाण्याच्या किती मशका शिल्लक होत्या. सगळ्यांकडे निम्मे स्लॉट उरले असतील तर टप्पा एका दिवसाने वाढवा. कोणी तिसरी पायरी ओलांडली असेल तर एका दिवसाने कमी करा. एका वेळी एकच आकडा हलवायचा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. बदल पुढच्या मुक्कामापासून लागू, भर वाटेत नाही.

हे पान मराठीत करायला काहीच हरकत नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ॲट्रिब्युशन ४.० परवान्याखाली खुले आहेत. श्रेय देऊन त्यांचं भाषांतर करता येतं आणि वाटताही येतं. फक्त त्यात सगळ्या जमाती आणि सबक्लास नाहीत, आराकोक्रा हे खेळाडूचं पात्र म्हणून त्यात सापडणार नाही. तो भाग फक्त आपल्या टेबलापुरता ठेवा. भाषांतर करताना ॲडव्हांटेज, रिॲक्शन, कॉन्सन्ट्रेशन हे शब्द देवनागरीत तसेच राहू द्या, कारण खेळाडू पुस्तकात तेच शोधणार. 'तळ' आणि 'मुक्काम' हे दोन शब्द मात्र पानाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत.